डाव्या खांद्याची रायफल: निफाडच्या एका जुन्या .३१५ चे प्रकरण

दोन वर्षांपूर्वी, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आटोपल्यावर, निफाड तालुक्यातील अडतीस वर्षांचे एक बागायतदार गंगापूर रोडवरील माझ्या घरी एक दोनशे पानी वही घेऊन आले. मी नाशिकमध्ये नेमबाजी शिकवतो आणि नेमबाजाच्या अंगमापाला हत्यार जुळवून देण्याचे काम गेली काही वर्षे करीत आहे. वहीत त्यांनी सहा महिने खपून एक आराखडा मांडला होता: डावखुऱ्या माणसाला वापरता येईल अशी मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) शिकारी रायफल कमीत कमी पैशांत कशी उभी करावी. आराखडा मोठ्या कष्टाने केलेला होता आणि अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्याच्या हाती तो उपयोगाचाही ठरला असता. निफाडमध्ये त्यातले जवळजवळ काहीही करता येण्यासारखे नव्हते.

त्यांची अडचण मात्र खरी होती. त्यांच्या घरी आजोबांनी घेतलेली .३१५ बोअरची, पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली रायफल आहे. वडिलांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर शस्त्र नियम, २०१६ मधील वारसाच्या तरतुदीनुसार मुलाचे नाव सुचवले आणि निफाड ग्रामीण भागात येत असल्याने जिल्हाधिकारी कार्यालयातून रीतसर परवाना या गृहस्थांच्या नावे झाला. आजोबा आणि वडील दोघेही उजवे. हे पक्के डावखुरे. शाळेत पाटीवर उजव्या हाताने लिहायची सक्ती झाल्याने ते आजही सही उजव्या हाताने करतात, परंतु छाटणीची कात्री, क्रिकेटची बॅट आणि जेवणातला वाढप्याचा डाव ही सगळी कामे डाव्या हाताने चालतात. रायफलही उजव्या खांद्याला लावण्याचा सल्ला घरच्यांनी दिला होता आणि त्यांनी तो वर्षभर प्रामाणिकपणे पाळूनही पाहिला होता. पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळी नेमकी कुठे लागेल हे त्या वर्षात त्यांना एकदाही आधी सांगता आले नव्हते.

‘मोठा बोअर’ या शब्दाविषयी येथे थोडे सांगायला हवे. आपल्याकडे नेमबाजीत आणि परवान्याच्या बोलण्यात .२२ म्हणजे छोटा बोअर आणि त्याच्या वरची सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी ठिणगी पडणारी) काडतुसे म्हणजे बिग बोअर, अशी ढोबळ वाटणी चालते. आफ्रिकेतल्या शिकाऱ्याला .३१५ मोठा म्हटलेला ऐकून हसू येईल, कारण त्याच्या लेखी मोठा बोअर १९१२ सालच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडपासून सुरू होतो. आपले .३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे १८९० सालचे आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतूस. ब्रिटिश अमदानीत सैन्याचे .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये अशी मनाई होती. म्हणून ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच धर्तीची, परंतु या परक्या काडतुसाची रायफल हिंदुस्थानातील परवानाधारकांसाठी निघाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती इशापूरला बनत राहिली. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असलेली मिळतात. रायफल ली-एनफिल्डच्या वंशातली आहे, ही गोष्ट या प्रकरणात पुढे निर्णायक ठरली.

वहीतला आराखडा असा होता. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा आणि नळी मागून बंद करणारा, हाताने पुढे-मागे सरकवायचा पोलादी दांडा; त्याची मूठ सहसा उजव्या बाजूला असते. अमेरिकेत डाव्या हाताच्या बोल्टच्या रायफली कारखान्यातूनच मिळतात. सॅव्हेज कंपनीची ‘११०’ ही रायफल १९५८ साली आली आणि थोड्याच काळात तिची डावखुरी आवृत्तीही विक्रीला आली. .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमची एखादी वापरलेली डावखुरी रायफल स्वस्तात घ्यायची, तिची नळी काढून .४५८ विंचेस्टर मॅग्नमची नळी बसवायची, म्हणजे नव्या डावखुऱ्या मोठ्या रायफलीच्या किमतीचा बराच भाग वाचतो. यामागचा तर्क चुकीचा नाही. १९५६ ते १९६३ या काळात आलेली ही तिन्ही काडतुसे जुन्या .३७५ च्याच पट्टेदार बुडावर बेतलेली आहेत. त्यामुळे बोल्टच्या तोंडाचे माप तेच राहते आणि सर्वांत महागडा भाग, म्हणजे डावखुरा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ती पोलादी पेटी, बदलावा लागत नाही. जेथे असे काम करणारे परवानाधारक कारागीर आहेत, नळीची दाबचाचणी होते आणि शिकारही कायदेशीर आहे, तेथे लोक या मार्गाने जातात.

आपल्याकडे हा मार्ग पहिल्याच पायरीवर बंद होतो. नामांकित नेमबाजांना मिळणारी सवलत सोडली तर खासगी व्यक्तीला बाहेरून रायफल मागवता येत नाही. देशात जी मोजकी परदेशी हत्यारे हातोहात फिरतात त्यांच्या किमती लाखांत असतात आणि त्यांत डावखुरी क्वचितच सापडते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार हत्यार बनवणे, त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे आणि तपासणे या प्रत्येक गोष्टीसाठी त्या कामाचा वेगळा परवाना लागतो. हत्यार बाळगण्याच्या परवान्यात यातले काहीच येत नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून शिकार हा हेतूच कायद्यात उरलेला नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबतही मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. निफाडच्या उसात वावरणारा बिबट्या याच अधिनियमाच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा त्याचे नावही या चर्चेत येऊ नये, असे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “सर, मला मारायचं काहीच नाही. घरात आहे ती चालवता तरी आली पाहिजे.” या एका वाक्याने प्रकरण माझ्यासाठी बरेच सोपे झाले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी दुसरा पर्याय आणला आणि तो अस्सल नाशिककराला शोभेल असा होता. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या मावसभावाचे मशिनिंगचे युनिट आहे. तेथे विमानाच्या भागांपर्यंतची कामे होत असतील, तर या रायफलीचा बोल्ट आरशात दिसतो तसा उलटा करून का घेता येऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. मशीनवरच्या अचूकतेविषयी मला शंका नव्हती. बोल्ट हा सुटा भाग मात्र नसतो. त्याचे अडसर ज्या खाचांत बसतात त्या पेटीत कोरलेल्या असतात; काडतूस ओढून काढणाऱ्या नखीची जागा, ते बाहेर पडण्याची खिडकी, बोल्ट वर उचलल्यावर मागे सरकवणारे तिरपे उतार, हे सगळे उजव्या बाजूसाठी कोरलेले असते. बोल्ट उलटा करायचा तर पेटीही उलटी हवी, आणि पेटी बदलली की ते नवे हत्यार झाले. ते विनापरवाना बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. गुन्हा बाजूला ठेवला तरी कोणत्या पोलादाला किती पाणी दिले आहे याची खात्री नसलेल्या बोल्टमागे कोणाचाही चेहरा असावा असे मला वाटत नाही. मावसभावांनाही मी फोनवर हेच सांगितले. त्यांनी ते माझ्यापेक्षा लवकर मान्य केले, कारण पोलादाला पाणी देण्याचा धंदा त्यांना ठाऊक होता.

यानंतर मी वही बंद केली आणि त्यांना अंगणात उभे केले. दोन्ही तळहात जोडून मध्ये रुपयाएवढी फट ठेवायची, त्या फटीतून समोरच्या विजेच्या खांबावरचा दिवा पाहायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा, ही जुनी चाचणी आहे. उजवा डोळा मिटल्यावर दिवा जागेवर राहिला. डावा मिटल्यावर तो फटीबाहेर गेला. तीन वेळा तेच घडले. डावा हात आणि डावा डोळा असे दोन्ही एकाच बाजूचे असणाऱ्या माणसाला उजव्या खांद्यावरून नेम धरायला लावणे म्हणजे प्रत्येक गोळीला डोळ्याशी झगडा करायला लावणे होय. हात डावा परंतु डोळा उजवा निघाला असता तर मी कदाचित घरच्यांच्याच सल्ल्याला दुजोरा दिला असता. येथे तो प्रश्नच उरला नाही.

मग डाव्या खांद्याला रिकामी रायफल लावून त्यांना उभे केले. उजवा माणूस गाल दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या, डाव्या अंगाला टेकवतो, म्हणून आजोबांनी कधीतरी डाव्या अंगाला गालाचा उंचवटा बसवून घेतला होता. डाव्या खांद्यावर हाच उंचवटा बाहेरच्या, रिकाम्या बाजूला गेला आणि त्यांचा गाल उजव्या अंगावरच्या सपाट लाकडावरून घसरत राहिला. डोळा माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेच्या) रेषेत यायला त्यांना मान पुढे आणि खाली ओढावी लागत होती. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर आजोबांच्या अंगाला बेतलेले, म्हणजे सुमारे तेरा इंच होते, आणि हे गृहस्थ जवळजवळ सहा फूट उंच. बोल्टचा त्रास त्यांनी वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिला होता, परंतु माझ्या नजरेला तो तिसऱ्या क्रमांकावर दिसला. पहिले दोन त्रास लाकडाचे होते.

येथे ली-एनफिल्डचा वंश कामी आला. बहुतेक बोल्ट रायफलींचे लाकूड टोकापासून नळीखालपर्यंत एकसंध असते. ते बदलायचे तर पेटी आणि नळी नव्याने लाकडात बसवावी लागते आणि ते काम महाग पडते. ली-एनफिल्डचा दस्ता मात्र वेगळा असतो. पेटीच्या मागे पोलादी खोबण असते, तीत दस्त्याचे पुढचे टोक घुसते आणि दस्त्याच्या आतून गेलेला एक लांब बोल्ट, म्हणजे साधा आवळायचा स्क्रू, त्याला धरून ठेवतो; काडतूस भरणाऱ्या बोल्टशी याचा संबंध नाही. सैन्यात एकाच रायफलीला अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने चार लांबींचे दस्ते मिळत, ते याच सोयीमुळे. म्हणजे या रायफलीची नळी, पेटी, बोल्ट आणि क्रमांक यांपैकी कशालाही हात न लावता तिला डावखुरा दस्ता देता येणार होता.

लाकूडकाम करून घेण्यासाठी दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वयस्क कारागिरांकडे आम्ही गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. रायफल त्यांच्या नोंदवहीत चढवल्यानंतरच त्यांनी ती हातात घेतली आणि काम पूर्ण होईपर्यंत ती त्यांच्याच दुकानाच्या कपाटात राहिली. बागायतदारांनी जुन्या वाड्याच्या तुळईचे शिसव घरून आणले होते. दिसायला ते राजबिंडे होते, परंतु चाचांनी उलटसुलट पाहून ते नाकारले, कारण मनगटाच्या जागी रेषा आडव्या जात होत्या. दस्त्याचा सर्वांत बारीक भाग म्हणजे मनगट. तेथे लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावल्या नाहीत तर धक्क्याने किंवा नुसत्या पडण्याने तो तेथेच फाटतो. शेवटी अक्रोडाचा, अनेक वर्षे मुरलेला ठोकळा त्यांच्याकडूनच घेतला. ठोकळा जाड लागला, कारण दस्ता डावीकडे किंचित झुकलेला हवा होता आणि तो झुकाव लाकूड वाकवून येत नाही, कोरूनच काढावा लागतो. आतल्या लांब बोल्टचे भोक सरळच राहते. फक्त मागचा भाग त्याच्या रेषेपासून पाच मिलिमीटर डावीकडे सरकवलेला असतो.

जुना दस्ता काढताना चाचांनी आधी पुढचे लाकूड उतरवले आणि नंतरच मागच्या बोल्टला पेचकस लावला. मी हे मुद्दाम नोंदवतो. या जुन्या बनावटीत लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते आणि थेट मागून फिरवायला गेले की पुढचे लाकूड आतून चिरते. घरच्या घरी पेचकस चालवणाऱ्यांनी या एका चुकीने चांगल्या रायफली बिघडवल्या आहेत. नव्या दस्त्याचे टोक खोबणीच्या तळाला सगळीकडून टेकते की नाही हे पाहण्यासाठी चाचांनी त्याला काजळी लावून पंधरा-वीस वेळा बसवून काढले. टेकणे अर्धवट राहिले तर धक्का एका कोपऱ्यावर येतो आणि लाकूड उभे फुटते. शेवटी जवसाच्या तेलाचे बारा हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवसांचा वारा.

या दोन महिन्यांत बागायतदार रिकामे बसले नाहीत. .३१५ ची काडतुसे परवान्यावर मोजून मिळतात आणि ती सरावात उधळणे परवडत नाही. म्हणून त्यांनी मध्ये मोडून भरायची .१७७ ची एअर रायफल घेतली. नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची आणि .१७७ पर्यंतच्या बोअरची असल्याने तिला परवाना लागत नाही, आणि मध्ये मोडणाऱ्या रायफलीला डावे-उजवे फारसे कळतही नाही. तिच्या दस्त्याला पुठ्ठा आणि फोमचे थर चिकटपट्टीने बांधून आम्ही गालाची उंची आणि लांबी रोज थोडी थोडी बदलत गेलो. अक्रोडावर पटाशी चालण्याआधीची सगळी मापे या पुठ्ठ्यावर ठरली. या प्रकरणातला सर्वांत किफायतशीर निर्णय हाच होता, असे माझे मत आहे.

चूक माझ्याकडून झाली, आणि ती मापाचीच. ऑक्टोबरच्या उन्हात, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर मी त्यांचे अंतर सव्वाचौदा इंच ठरवले. दस्ता तयार होऊन आम्ही परवानगी घेऊन रेंजवर गेलो तेव्हा जानेवारीतली सकाळ होती. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा एक आकडी झालेला, आणि बागायतदार स्वेटर, त्यावर जाड जाकीट घालून आलेले. रायफल खांद्याकडे नेताना दस्त्याचे टोक काखेतच अडकले. पहिल्या दोन गोळ्या त्यांनी दंडावर झेलल्या आणि दंड निळा पडला. चाचांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाही. उपाय असा काढला की लाकूड दहा मिलिमीटर कापायचे आणि रबरी पॅड व लाकूड यांच्यामध्ये तेवढ्याच जाडीची एक काढता-घालता येणारी चकती ठेवायची; थंडीत ती काढायची, उन्हाळ्यात घालायची. चकती हायलमची (कडक लॅमिनेट पत्र्याची), आणि ती मावसभावाच्या सातपूरच्या युनिटमध्ये अर्ध्या तासात कापून मिळाली. डावखुऱ्या बोल्टऐवजी एवढेच काम आमच्याकडून त्यांच्या वाट्याला आले.

बोल्टच्या प्रश्नाला आम्ही सवयीने उत्तर दिले. पुढचे लाकूड वाळूच्या पिशवीवर टेकलेले असेल तर उजवा हात आधारासाठी लागत नाही. तो बोल्ट चालवतो आणि डावा हात, बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवून, मनगटावर स्थिर राहतो. ली-एनफिल्डच्या बोल्टची मूठ चापाच्या जवळ मागे असते आणि तो साधारण साठ अंशच उचलावा लागतो, त्यामुळे गाल न हलवता हे जमते. या आधारावर डावखुरा माणूस उजव्याइतकाच वेगवान होऊ शकतो. आधार नसेल तर मात्र तो मंद राहतो, आणि ते मान्य करून चालावे. सेफ्टीचा खटका पेटीच्या डाव्या अंगाला आहे. अंगठा मनगटावरून पलीकडे न नेता डावीकडेच ठेवला तर तो सहज हाती लागतो. एक धोका मात्र लाकडाने जात नाही. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा चेहरा रायफलीच्या उजव्या अंगाला, म्हणजे काडतूस बाहेर पडणाऱ्या खिडकीच्या बाजूला येतो. काडतुसाचे बूड फाटले तर गरम वायू त्याच बाजूने येणार. म्हणून चाचणीचे दोन नियम केले: फुटण्यापासून बचाव करणारा चष्मा घातल्याशिवाय गोळी नाही, आणि कारखान्यातून आलेल्या, डाग न पडलेल्या काडतुसाशिवाय दुसरे काही नाही.

फेब्रुवारीत पुन्हा रेंजवर गेलो. जुन्या दस्त्यावर, डाव्या खांद्यावरून, गुडघा टेकून मारलेल्या पाच गोळ्या पन्नास मीटरवर अठ्ठावीस सेंटिमीटरच्या घेरात पडल्या होत्या. नव्या दस्त्यावरच्या पाच तेरा सेंटिमीटरमध्ये बसल्या. पाच-पाच गोळ्यांवरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही आणि त्यातला काही वाटा एअर रायफलच्या सरावाचा आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना मात्र आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली: पाचव्या गोळीनंतर कागदाजवळ जाण्याआधी त्यांनी गोळी किंचित खाली गेल्याचे सांगितले आणि ती खालीच होती.

खर्चाचा हिशेब त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिला. लाकूड २,४०० रुपये, चाचांची मजुरी ६,५००, रबरी पॅड १,८००, तेल आणि किरकोळ ४००; एकूण ११,१००. एअर रायफल वेगळी, ती आता त्यांच्या भाच्यांकडे असते. हायलमच्या चकतीचे मावसभावाने पैसे घेतले नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर, ठरल्याप्रमाणे रायफल तपासणीला आली. चाचांनी पुढचे लाकूड उतरवून मागच्या बोल्टला पेचकस लावला तेव्हा तो पाव वळसा ढिला निघाला. अक्रोडाने पावसाळ्यात फुगून पुन्हा आकसताना तेवढी जागा सोडली होती. त्यांनी तो आवळला, खोबणीत पुन्हा काजळी लावून टेकण्याची खात्री केली आणि दोन आठवड्यांनी परत पाहायला सांगितले. जुना दस्ता बागायतदारांनी टाकून दिलेला नाही. डाव्या अंगाच्या गालाच्या उंचवट्यासह तो सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, कारण त्यांची अकरा वर्षांची मुलगी उजवी आहे आणि शाळेतून नुकतीच नेमबाजीला जाऊ लागली आहे.